ऑक्सिजन कमी पडलेल्या कोवळ्या मेंदूच्या स्लाइसवर फिटचं औषध कसं तपासायचं

बडोद्यात फार्माकॉलॉजी नाहीतर झूलॉजीत पीएचडीला लागलेली आपली मुलंमुली एक प्रश्न हमखास विचारतात, ताई नवजात बाळांच्या फिट्सवर काम करायचंय, मेंदूच्या स्लाइसवर म्हणजे जिवंत ठेवलेल्या पातळ कापावर औषध टाकून बघायचंय, सुरुवात कुठून करू. फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगून भागत नाही म्हणून सगळं एकदा लिहून काढते. रिग म्हणजे रेकॉर्डिंगचा सगळा सेटअप, फील्ड रेकॉर्डिंग म्हणजे बऱ्याच पेशींची विजेची हालचाल एकत्र टिपणं, एवढं ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी हे आहे, बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. ट्रेस, म्हणजे स्क्रीनवरची रेकॉर्डिंगची रेघ, शांत झाला म्हणजे औषध लागू पडलं असं नसतं, आणि ऑक्सिजन कमी केलेल्या स्लाइसमध्ये तर मुळीच नसतं. कुकरची शिट्टी थांबली म्हणजे डाळ शिजली असंही असतं आणि सिलेंडर संपला असंही असतं. स्लाइस चार कारणांनी गप्प होते, औषधामुळे, ऑक्सिजन गेल्यामुळे, नुसता वेळ गेल्यामुळे, नाहीतर ती मेल्यामुळे. ही चार कारणं एकमेकांपासून वेगळी काढता आली पाहिजेत, त्यासाठीच प्रयोगाची आखणी असते, आणि जिथे ती वेगळी निघत नाहीत तो डेटा कितीही सुंदर दिसला तरी थीसिसमध्ये घालू नका.

हे नुसतं लॅबमधलं खुसपट नाहीये. पूर्ण दिवसांच्या बाळांना पहिल्या काही दिवसांत फिट येण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे जन्माच्या वेळी मेंदूला ऑक्सिजन आणि रक्त कमी पडणं, आणि त्यावर पहिलं औषध आजही फेनोबार्बिटलच आहे. १९९९ साली एक ट्रायल छापून आली त्यात फेनोबार्बिटलने ४३ टक्के आणि फेनिटॉइनने ४५ टक्के बाळांच्या फिट्स आटोक्यात आल्या, म्हणजे दोन्हींनी निम्म्याहून कमी. २०२० च्या निओलेव्ह-२ ट्रायलमध्ये फेनोबार्बिटल दिलेल्या ८० टक्के बाळांना पुढचे २४ तास फिट आली नाही, लेव्हेटिरासेटॅम दिलेल्यांत हाच आकडा २८ होता. आणि यातली खरी अवघड गोष्ट अशी की फेनोबार्बिटल दिल्यावर बऱ्याच बाळांचे हातपाय झटकणं थांबतं, बघणाऱ्याला वाटतं बाळ निवांत झोपलंय, पण ईईजी लावला तर आत फिट चालूच असते. म्हणजे पाळण्यापाशीही शांतता फसवते आणि रिगवरही फसवते. एवढ्याचसाठी मी या एका मुद्द्यावर इतकी अडून बसते.

आता कामाला लागू. कागदपत्रं आधी. तुमच्या संस्थेच्या ॲनिमल एथिक्स कमिटीची मंजुरी आल्याशिवाय एकाही पिल्लाला हात लावायचा नाही, फॉर्म बी भरताना वय, संख्या, मारायची पद्धत आणि हे काम पेशींच्या कल्चरवर का होऊ शकत नाही हे सगळं स्पष्ट लिहा. दुसरी परवानगी लोक विसरतात ती औषधांची. फेनोबार्बिटल, डायझेपाम, मिडाझोलाम ही तिन्ही एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याच्या यादीतली आहेत, ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून एक अँप्यूल मागून आणून प्रयोग करायचा नाही, संस्थेमार्फत रीतसर मागवा, कुलपात ठेवा आणि रजिस्टरमध्ये मिलिग्रॅममिलिग्रॅमचा हिशोब ठेवा. याला वेळ लागतो, म्हणून प्रपोजल पास झाल्याच्या दुसऱ्या दिवशी अर्ज टाकून द्यायचा.

पिल्लांचं वय. जन्माचा दिवस पी० (पी म्हणजे जन्मानंतरचा दिवस) धरायचा आणि तसं मेथड्समध्ये लिहायचं, कारण काही लोक तो दिवस पी१ धरतात आणि मग एका दिवसाचा घोळ होतो, या वयात एक दिवसही फार असतो. उंदरात नाही, रॅटमध्ये काम करत असाल तर साधारण पी७ ते पी१२ हा टप्पा माणसाच्या पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या जवळपासचा मानतात. बॉस्टनच्या फ्रान्सिस जेन्सन यांच्या गटाने नव्वदच्या दशकात दाखवलं की पी१० च्या आसपासच्या रॅटच्या पिल्लांना थोडा वेळ कमी ऑक्सिजनमध्ये ठेवलं तर त्यांना फिट येते, त्याहून फार लहान पिल्लांना किंवा मोठ्या रॅटना तशी येत नाही, म्हणजे ही खिडकी अरुंद आहे. म्हणून वयाची रेंज छोटी ठेवा, पी९ ते पी११ एवढीच घेतली तर उत्तम. सगळ्या वयांची सरमिसळ करून ग्राफ काढला की एररबार आभाळाला टेकतात आणि मग औषधाला दोष दिला जातो.

वय इतकं का जपायचं ते क्लोराईडमुळे. मोठ्यांच्या मेंदूत गाबा हे रसायन ब्रेकसारखं काम करतं हे आपण पाठ केलेलं असतं. कोवळ्या न्यूरॉनमध्ये एनकेसीसी१ नावाचा ट्रान्सपोर्टर भरपूर असतो, तो क्लोराईड आत ओढतो, आणि बाहेर फेकणारा केसीसी२ अजून पुरता आलेला नसतो, त्यामुळे पेशीत क्लोराईड साचलेलं असतं आणि गाबाचं चॅनल उघडलं की क्लोराईड बाहेर येतं आणि पेशी डीपोलराइझ होते, म्हणजे शांत होण्याऐवजी चेतते. फेनोबार्बिटल आणि डायझेपाम दोन्ही गाबाच्याच जोरावर चालतात, मग त्यांचं काम अर्धवट का होतं ते लक्षात येतं. वरून फिट जितका वेळ चालते तितकं क्लोराईड आणखी साचतं, म्हणजे औषध उशिरा दिलं तर परिणाम आणखी कमी. यावरूनच ब्युमेटानाइडची कल्पना निघाली, एनकेसीसी१ अडवायचा आणि गाबाला परत ब्रेक बनवायचं. २००५ मध्ये स्लाइस आणि पिल्लांवरचं काम छापून आलं, सगळे खूष झाले, आणि २०१५ मध्ये युरोपातली निमो ट्रायल १४ बाळांनंतर थांबवावी लागली, फिट्स अपेक्षेइतक्या कमी होत नव्हत्या आणि वाचलेल्या ११ बाळांपैकी ३ जणांच्या कानांवर परिणाम झाला. ब्युमेटानाइड रक्तातून मेंदूत फारच कमी उतरतं हेही त्यात आहे. स्लाइसला रक्तही नसतं आणि ब्लड ब्रेन बॅरियरही नसतो, औषध थेट पेशींवर पोचतं, तेव्हा स्लाइसमध्ये चाललेलं औषध बाळात चालेलच असं कधीही लिहू नका. स्लाइस सांगते ते एवढंच की औषध पेशीपर्यंत पोचलं तर काय करतं.

नर-मादी नोंद जरूर ठेवा. केसीसी२ मादीत लवकर वाढतो, नरात गाबा जास्त दिवस उलटं वागतं, म्हणजे तुमच्या एका ग्रुपमध्ये योगायोगाने नरच जास्त आले तर रिझल्ट तेवढ्यानेच हलतो. पी१० ला गुद आणि जननेंद्रियातलं अंतर बघून ओळखता येतं, ॲनिमल हाऊसमधल्या काकांना विचारा, ते एका नजरेत सांगतात.

भूल आयसोफ्लुरेनची द्या, तीही थोडकीच. केटामाइन पेशी चेतवणारा एनएमडीए रिसेप्टर अडवतं आणि पेंटोबार्बिटल गाबावर चढतं, ही दोन्ही वापरली तर तुमच्या प्रयोगाआधीच दुसऱ्या औषधाचा प्रयोग झालेला असतो. डोकं वेगळं केल्यापासून मेंदू बर्फगार सोल्यूशनमध्ये जाईपर्यंत एक मिनिटाच्या आत व्हायला हवं. पिल्लाचा मेंदू पाणीदार आणि मऊ असतो, जवळजवळ खरवसासारखा हलतो, म्हणून व्हायब्राटोमचा, म्हणजे स्लाइस कापायच्या मशीनचा, पुढे जायचा वेग अगदी कमी आणि पात्याचं व्हायब्रेशन जास्त ठेवायचं, मागे अगारचा ठोकळा टेकू म्हणून लावायचा, खाली फेव्हिक्विकचा पातळ थर, जास्त झाला तर तो मेंदूवर चढतो आणि स्लाइस फाटते. जाडी ४०० मायक्रॉन. पातं प्रत्येक मेंदूला नवं. कापताना हिप्पोकॅम्पसची कडा ओढली जात असेल तर थांबा, पातं बदला, तशीच पुढे रेटू नका, ओढलेल्या स्लाइसमध्ये हिप्पोकॅम्पसच्या सीए३ भागाचा थर फाटतो आणि फिट तिथूनच सुरू होते.

सोल्यूशनबद्दल थोडक्यात, रेसिपी सगळीकडे जवळपास सारखीच असते. मिलिमोलरमध्ये सोडियम क्लोराईड १२४, पोटॅशियम क्लोराईड ३, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट १.२५, सोडियम बायकार्बोनेट २६, कॅल्शियम क्लोराईड २, मॅग्नेशियम सल्फेट १.३, ग्लुकोज १०. आधी कार्बोजेन सोडा, म्हणजे ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, पंधरा-वीस मिनिटं बुडबुडे येऊ द्या आणि मगच कॅल्शियम घाला, नाहीतर पीएच चढलेला असतो, सोल्यूशन दुधाळ होतं आणि ते फेकण्यापलीकडे इलाज नसतो. पीएच ७.४, ऑस्मोलॅरिटी ३०० च्या आसपास. पाणी कुठलं वापरता ते बघा. बडोद्यात बऱ्याच भागात बोअरचं पाणी जड असतं, प्लांटची कार्ट्रिज संपत आली की कॅल्शियम-मॅग्नेशियम हळूच पाण्यातून येतं आणि पुढे फिट आणायला मॅग्नेशियम काढाल तेव्हा तुम्ही ते शून्य समजून बसलेले असता. प्लांटचा मीटर १८.२ मेगाओम-सेमी दाखवत नसेल त्या दिवशी स्लाइस कापू नका. कापल्यानंतर स्लाइसला निदान एक तास आराम, पहिला अर्धा तास ३२-३४ डिग्रीला आणि मग रूम टेम्परेचरला, पण मे महिन्यात आपल्याकडे एसी बंद पडला की रूम टेम्परेचर म्हणजे ३८ होतं तेव्हा थर्मामीटर लावूनच काय ते ठरवा.

आता ऑक्सिजन काढायचा भाग, यावर जरा वेळ घालवते कारण सगळ्यात जास्त प्रयोग इथेच वाया जातात.

कार्बोजेनच्या जागी ९५ टक्के नायट्रोजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड लावायचा. नुसता शंभर टक्के नायट्रोजन लावायचा नाही. सिलेंडर मकरपुऱ्याहून सहज मिळतो आणि स्वस्तही पडतो म्हणून बरेच जण तोच लावतात, पण त्याने सोल्यूशनमधला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, बायकार्बोनेट तसंच राहतं, पीएच वर चढतो, आणि अल्कलाइन सोल्यूशन स्वतःच न्यूरॉनना चेतवतं. मग तुम्हाला दिसलेली फिट ऑक्सिजन गेल्यामुळे आली की पीएचमुळे हे देवही सांगू शकणार नाही. हेलसिंकीच्या काय काइला यांच्या गटाने तर पिल्लांमध्ये दाखवलंय की गुदमरल्यानंतर मेंदू अल्कलाइन होतो आणि तेव्हाच फिट येतात, आणि कार्बन डायऑक्साइड एकदम काढून न घेता हळूहळू उतरवला तर फिट्स बऱ्याच टळतात. म्हणजे पीएच ही इथे किरकोळ बाब नाहीच, अर्धा आजार तिथे आहे. मिक्स्चर सिलेंडर सर्टिफिकेटसकट मागवा, चार दिवस जास्त लागले तरी चालतील, आणि उत्तरायण किंवा नवरात्र जवळ आलं असेल तर आधीच ऑर्डर द्या, त्या दिवसांत गाडी येत नाही.

दुसरी गोष्ट ट्यूबिंग. सिलिकॉनची नळी मऊ असते, हाताळायला छान, पण तिच्यातून ऑक्सिजन आरपार जातो. बाटलीत तुम्ही नायट्रोजन सोडताय आणि चेंबरपर्यंत येता येता सोल्यूशन हवेतला ऑक्सिजन पिऊन येतंय. टेफ्लॉन किंवा स्टीलची नळी घ्या, मऊ नळी लागेलच तिथे टायगॉन, आणि जेवढी लांबी कमी तेवढं बरं. चेंबर उघडा असतो, तिथूनही हवा विरघळते, म्हणून सबमर्ज्ड (स्लाइस पूर्ण बुडलेली असते त्या) चेंबरच्या वर ओला केलेला नायट्रोजन-कार्बन डायऑक्साइडचा झोत सोडा. आणि हे सगळं केल्यावरही मनाने धरून चालू नका, ऑक्सिजनचा बारीक प्रोब चेंबरमध्ये स्लाइसच्या शेजारी ठेवून मोजा, गॅस बदलल्यापासून तिथे आकडा खाली यायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. मिनिट-दोन मिनिटं सहज जातात. तुमची हायपॉक्सियाची, म्हणजे ऑक्सिजन कमी पडण्याची, सुरुवात कॉक फिरवल्यापासून धरायची नाही, प्रोबवर आकडा पडल्यापासून धरायची.

टेम्परेचर. चेंबर ३२ डिग्रीला असेल तर पूर्ण वेळ ३२ ला हवं, एखाद डिग्रीनेसुद्धा ऑक्सिजनची गरज बदलते. बाळांना ३३.५ डिग्रीपर्यंत ७२ तास गार ठेवायची ट्रीटमेंट याच तत्त्वावर आहे, आणि श्रीमंत देशांत ती रुळलीही आहे, पण भारत, श्रीलंका, बांगलादेशात झालेल्या हेलिक्स ट्रायलमध्ये २०२१ ला दिसलं की आपल्याकडच्या बाळांत तिचा फायदा तर झाला नाहीच, उलट मृत्यू वाढले. म्हणजे आपल्याकडे औषधाचा शोध जास्तच गरजेचा आहे, आणि म्हणून तुमचा प्रयोग नकळत थंडीचा प्रयोग होऊन बसता कामा नये. गॅस बदलताना नवा गॅस गार येतो, थर्मिस्टर हीटरच्या आधी लावू नका, चेंबरमध्येच लावा.

रेकॉर्डिंगला इंटरफेस चेंबर (स्लाइस सोल्यूशन आणि गॅसच्या सीमेवर असते तो) असेल तर फिट जास्त खात्रीने येते, सबमर्ज्ड असेल तर फ्लो मिनिटाला निदान ३-४ मिली ठेवा. काचेचा इलेक्ट्रोड, १ ते ३ मेगाओम, सीए३ च्या पिरॅमिडल थरात. आणि ॲम्प्लिफायर डीसीवर ठेवा, डीसीवर. हे दोनदा लिहायचं कारण असं की हायपॉक्सियात कधीकधी स्प्रेडिंग डीपोलरायझेशन, म्हणजे पेशींचा चार्ज कोसळण्याची पसरत जाणारी लाट, येतं, बेसलाइन सावकाश खाली घसरते, दहा-वीस मिलिव्होल्ट, आणि त्यानंतर स्लाइस कितीतरी मिनिटं चिडीचूप. हाय-पास फिल्टर लावलेला असेल तर ही घसरण ट्रेसवर दिसतच नाही, दिसते ती नुसती नंतरची शांतता, आणि नेमकं त्याच वेळी औषध सोडलेलं असेल तर औषधाला शाबासकी मिळते. पिल्लू जितकं लहान तितकं हे उशिरा येतं, पण येतच नाही असं समजू नका. ५० हर्ट्झची गुणगुण विजेच्या लाइनवरून येते, नॉच फिल्टरने पुसण्याऐवजी अर्थिंग दुरुस्त करून घ्या. आणि नवरात्रात रात्री उशिरा रेकॉर्डिंग ठेवू नका, जवळपास गरबा असेल तर बासचा दणका टेबलातून इलेक्ट्रोडपर्यंत येतो.

फिट आणायची कशी. पी१० च्या स्लाइसमध्ये नुसता ऑक्सिजन काढून दर वेळी फिट येईल अशी आशा ठेवू नका. ऑक्सिजन गेला की आधी ॲडेनोसिन साचतं आणि सिनॅप्स दबतात, म्हणजे हायपॉक्सियाचा पहिला परिणाम शांतताच असतो, आणि गडबड बहुतेक वेळा ऑक्सिजन परत दिल्यावर दिसते. म्हणून लोक जोडीला काहीतरी लावतात, मॅग्नेशियम काढून टाकतात म्हणजे एनएमडीए रिसेप्टर मोकळा होतो, नाहीतर पोटॅशियम ८.५ मिलिमोलरपर्यंत वाढवतात, नाहीतर ४-एपी (४-अमिनोपिरिडिन) ५० ते १०० मायक्रोमोलर. मला मॅग्नेशियम शून्यचा मार्ग पसंत आहे, फिट्स पुन्हा पुन्हा येतात आणि मोजता येतात, अर्धा तास वाट बघावी लागते एवढंच. मात्र मग प्रश्न उभा राहतो की तुमचं औषध हायपॉक्सियाची फिट थांबवतंय की मॅग्नेशियम नसल्याची. त्याचं उत्तर फक्त चार ग्रुपमध्ये मिळतं, ऑक्सिजन चालू आणि व्हेइकल (औषध नसलेला नुसता द्रावक), ऑक्सिजन चालू आणि औषध, हायपॉक्सिया आणि व्हेइकल, हायपॉक्सिया आणि औषध. गाईडने कितीही घाई केली तरी यातला एकही ग्रुप गाळायचा नाही. तिसरा ग्रुप सगळ्यात कंटाळवाणा वाटतो आणि सगळं त्याच्यावरच अवलंबून असतं, कारण काहीही न देता स्लाइस वेळ जाईल तशी किती थकते ते तोच सांगतो.

दुसरा मार्ग असा की जिवंत पिल्लालाच कमी ऑक्सिजनच्या पेटीत ठेवायचं, पी१० ला साधारण १५ मिनिटं, ऑक्सिजन ७ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ४ पर्यंत उतरवत, आणि मग काही तासांनी नाहीतर दिवसांनी स्लाइस काढायच्या. त्यात फिट पिल्लाला खरीच येते आणि मेंदूत नंतर काय बदल झाले ते बघता येतं. पण पिल्लाचं अंग गार पडू न देणं, श्वास थांबत नाही ना बघणं, हे सगळं अनुभवी माणूस शेजारी असल्याशिवाय करू नका.

औषध कधी द्यायचं हा प्रश्न डोसपेक्षा मोठा आहे. बाळाला औषध फिट सुरू झाल्यावर मिळतं. तुम्ही हायपॉक्सियाच्या आधीच औषध सोडलं तर तुम्ही बचाव तपासताय, इलाज नाही. दोन्ही तपासा पण वेगवेगळं लिहा. इलाज तपासायचा तर निदान दोन-तीन पूर्ण फिट्स रेकॉर्ड होऊ द्या आणि मग औषध.

कॉन्सन्ट्रेशन ठरवताना रक्तातल्या आकड्यापासून सुरुवात करा. फेनोबार्बिटलची नेहमीची पातळी लिटरला २० ते ४० मिलिग्रॅम धरली आणि मॉलिक्युलर वेट २३२ घेतलं तर ८६ ते १७२ मायक्रोमोलर होतात, म्हणूनच स्लाइसवर १०० मायक्रोमोलर सगळीकडे दिसतं. पण रक्तात त्यातला बराच भाग प्रोटीनला चिकटलेला असतो, मोठ्या माणसात जवळपास निम्मा आणि नवजात बाळात त्याहून कमी, आणि तुमच्या सोल्यूशनमध्ये प्रोटीन नसतंच, म्हणजे १०० टाकले तर १०० मोकळे. म्हणून ३०, १००, ३०० अशी रांग लावा आणि कुठल्या आकड्याला काय झालं ते दाखवा, ३०० ला फिट थांबली आणि १०० ला नाही तर ते तसंच लिहा. ब्युमेटानाइड १० मायक्रोमोलरच्या वर नेऊ नका, त्यापुढे केसीसी२ वरही परिणाम व्हायला लागतो आणि अर्थ लावता येत नाही. डीएमएसओ, म्हणजे औषध ज्यात विरघळवतो तो द्रावक, ०.१ टक्क्याच्या खाली आणि व्हेइकल ग्रुपमध्येही अगदी तेवढंच. डायझेपाम आणि फेनिटॉइन प्लास्टिकला चिकटतात, काचेच्या बाटल्या घ्या. औषध ४०० मायक्रॉन आत झिरपायला वेळ लागतो, २०-३० मिनिटं थांबल्याशिवाय काम झालं नाही असं ठरवू नका. आणि बाटल्यांवर नावं तुम्ही लिहू नका, लॅबमधल्या दुसऱ्या कोणाला फॉइल गुंडाळून क, ख, ग लिहायला सांगा आणि चावी त्याच्याकडेच राहू द्या.

आता स्लाइस गप्प झाली. इथे हात बांधून बसायचं नाही, इथूनच तपास सुरू होतो. एक, औषध धुऊन काढा, निदान चाळीस मिनिटं, आणि फिट परत येते का बघा, फेनोबार्बिटल धुतलं जातं त्यामुळे परत यायला हवी. दोन, सुरुवातीपासूनच शाफर कोलॅटरलवर (सीए३ कडून सीए१ कडे जाणाऱ्या तंतूंवर) एक स्टिम्युलेटिंग इलेक्ट्रोड ठेवलेला असू द्या आणि दर काही मिनिटांनी एक हलका पल्स देऊन सीए१ मध्ये उत्तर मिळतंय का बघा. फायबर व्हॉली, म्हणजे तंतूंमधून सिग्नल गेल्याची खूण, आहे पण सिनॅप्सचं उत्तर नाही, तर सिनॅप्स दबलाय, कदाचित ॲडेनोसिनने. व्हॉलीच गेली, तर आत कोणी उरलेलं नाही. औषधाने फिट थांबवली आणि पल्सला मात्र नीट उत्तर मिळतंय, हा खरा चांगला रिझल्ट, तो दिसला की प्रिंट काढून भिंतीवर लावावा इतका चांगला. तीन, ज्या स्लाइसने वॉशआउटनंतरही उत्तर दिलं नाही तिला औषधाच्या खात्यात धरायचं नाही, वेगळी मोजायची, आणि अशा किती होत्या ते प्रत्येक ग्रुपसाठी पेपरात लिहायचं. औषधाच्या ग्रुपमध्ये मेलेल्या स्लाइस जास्त निघाल्या तर तीच मोठी बातमी आहे, ती लपवू नका, असं औषध पुढे बाळापर्यंत जायला नको.

मोजणीचे नियम रेकॉर्डिंगच्या आधी कागदावर उतरवा. फिट म्हणजे काय, बेसलाइनच्या नॉइजच्या किती पट, निदान किती सेकंद, मी १० सेकंद धरते आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिचं रूप बदललं पाहिजे अशी अट घालते, एकेकटे स्पाइक वेगळे मोजते. फिट्सची संख्या एकटी देऊ नका, कारण दहा छोट्या फिट्सची एक लांबलचक फिट झाली तर संख्या ९० टक्क्यांनी उतरते आणि मेंदूचं भलं काही झालेलं नसतं, म्हणून तासातली एकूण किती मिनिटं फिटमध्ये गेली ते द्या.

आणि एन, म्हणजे नमुन्यांची संख्या. एका पिल्लातून पाच स्लाइस निघाल्या म्हणून एन पाच होत नाही, एन एकच. एकाच आईच्या पिल्लांत साम्य असतं म्हणून तेही लक्षात घ्या, प्रत्येक लिटरमधून, म्हणजे एका वेतातून, सगळ्या ग्रुपला पिल्लं वाटा आणि ॲनालिसिसला मिक्स्ड मॉडेल वापरा ज्यात स्लाइस पिल्लात आणि पिल्लू लिटरमध्ये बसवलेलं असेल. आर या सॉफ्टवेअरमध्ये हे फुकटात होतं, स्टॅटिस्टिक्स डिपार्टमेंटला एखादी ओळखीची असेल तर प्रयोगाआधी भेटा, नंतर भेटून ती फक्त वाईट वाटून घेईल. पाच-पाच स्लाइस वेगवेगळ्या धरून काढलेला पी व्हॅल्यू रिव्ह्यूअर एका ओळीत उडवतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

दिवस संपला की नळ्या आधी ७० टक्के इथेनॉलने आणि मग भरपूर चांगल्या पाण्याने धुवा. फेनिटॉइन किंवा डायझेपाम गेलं असेल तर नुसतं धुऊन भागत नाही, ती नळी फेकून नवी लावा, नाहीतर उद्याच्या कंट्रोल स्लाइसला आजचं औषध मिळेल. उरलेलं फेनोबार्बिटल सिंकमध्ये ओतायचं नाही, मोजून रजिस्टरमध्ये चढवायचं, सही घ्यायची आणि कुलूप लावायचं.